पत्रिका दिली म्हणजे पार्टनर झाले असं नाही

प्रश्न : आमच्या ग्रुपने गेल्या वर्षी सर्वधर्म स्नेहमेळावा घेतला. मशीद, चर्च, गुरुद्वारा, विहार सगळीकडे पत्रिका दिल्या, लोक आले, भाषणं झाली, फोटो झाले. यंदा सगळ्यांना पार्टनर म्हणून या म्हटलं तर मशिदीच्या कमिटीने गोड बोलून टाळलं आणि चर्चवाले नुसतं बघू म्हणतायत. एक सांगायचं राहिलं, कार्यक्रम शुक्रवारी बारा ते दोन होता आणि मौलाना मधेच उठून गेले, ते आमच्यातल्या काहींना खटकलं होतं. आमचं कुठे चुकलं?
– एक वाचक

उत्तर : अहो, ते उठून गेले नाहीत, नमाजला गेले. शुक्रवारी दुपारी जुम्मा असतो. तारीख ठरवायच्या आधी त्यांना एक फोन केला असता तर हे टळलं असतं, आणि खरं सांगू का, मला वाटतं मन तिथेच दुखावलंय. सगळं ठरवून झाल्यावर बोलावलं तर माणूस पाहुणा होतो, पार्टनर नाही. तुमची गेल्या वर्षीची पत्रिका काढून बघा, आयोजक म्हणून तुमचं नाव केवढं मोठं आहे आणि बाकीच्यांची खाली सहकार्य म्हणून बारीक टाईपात आहेत का ते.

तारखेचं म्हणाल तर रविवारी सकाळी चर्च असतं, ज्यू मंडळी असतील तर शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस. फेब्रुवारीचा पहिला आठवडा संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये जॉर्डनच्या प्रस्तावावरून जागतिक आंतरधर्मीय सलोखा सप्ताह म्हणून जाहीर केलाय, तो मला आवडतो कारण तो कुणा एकाचा सण नाही. फक्त रमजान तेव्हा येतोय का बघा, तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो.

आणि भाषणं कमी करा हो! गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं की नुसतं एकत्र आल्याने पूर्वग्रह जात नाहीत, दोघांचा दर्जा सारखा हवा, काम दोघांचं हवं, ते मिळून करायला हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. स्टेजवर शेजारी बसून यातलं काय होतं सांगा. त्यापेक्षा रक्तदान शिबिर घ्या आणि नोंदणीच्या टेबलावर प्रत्येक ठिकाणचा एकेक जण बसवा, एक नाव विचारतोय, एक फॉर्म भरतोय, एक पेन शोधतोय, मग मधे गर्दी ओसरली की तुमच्याकडे उपास कसा असतो हो, असं बोलणं आपोआप निघतं आणि ते मी कितीदा तरी पाहिलंय.

एकत्र प्रार्थनेचा आग्रह मात्र नको. बऱ्याच श्रद्धाळू माणसांना दुसऱ्याच्या उपासनेत भाग घेणं जमत नाही, म्हणून ते कट्टर ठरत नाहीत. आपल्या धर्माचा प्रचार इथे करायचा नाही, हे मात्र सगळ्यांनी मिळून आधीच लिहून ठेवा. खर्चात प्रत्येकाचा वाटा घ्या, थोडा का असेना, आणि हिशोब सगळ्यांना दाखवा.

आता मशिदीच्या कमिटीला परत भेटा, तुमच्या ऑफिसात बोलावू नका, त्यांच्याकडे जा. शुक्रवारचं आमचं चुकलं हे आधी सांगा. पोस्टरचं डिझाईन घेऊन जाऊ नका, कोरी वही न्या आणि तारीख त्यांनाच विचारा.