आईचा एनएलआर ७ आलाय, म्हणजे किती महिने?

तुमच्या आईला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, कोपरखैरणेला घरी येऊन सॅम्पल नेलं, आणि रिपोर्टात न्यूट्रोफिल ८४, लिम्फोसाइट १२ (दोन्ही पांढऱ्या पेशींचे प्रकार, टक्क्यांत), अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) ३.१, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन) ४.२ आलंय. यातून आयुष्याचे किती महिने उरलेत ते निघत नाही हो. शेकडो रुग्णांच्या गटात कुणाला धोका जास्त, एवढंच हे आकडे सांगतात.

८४ भागिले १२ म्हणजे ७, हाच एनएलआर, न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइटचं गुणोत्तर. संशोधनात बहुधा ३ ते ५ च्या पुढे जास्त धरतात, तेव्हा ७ जास्तच. पण आधी केमोची तारीख बघा. उलट्या होऊ नयेत म्हणून केमोबरोबर डेक्सामेथासोन देतात. त्यानं न्यूट्रोफिल चढतात, लिम्फोसाइट उतरतात. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन किंवा लघवीचं इन्फेक्शन असेल तरी गुणोत्तर फुगतं. पुढच्या केमोच्या आधी, स्टेरॉइड पोटात जाण्यापूर्वी दिलेलं सॅम्पल जास्त भरवशाचं.

माझं लक्ष खरं अडकलं ते सीआरपीवर. आकड्याशेजारचं एकक वाचा. मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर ४.२ ठीक आहे. प्रति डेसिलिटर असेल तर ते ४२ होतं! सुधारित ग्लासगो स्कोअर म्हणजे या दोन प्रथिनांवरून कॅन्सर रुग्णाचा धोका मोजायची पद्धत. त्यात सीआरपी १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत असेल तर ०, वर असेल तर १, आणि सोबत अल्ब्युमिन ३.५ च्या खाली असेल तर २. म्हणजे तुमच्या याच रिपोर्टाचा अर्थ ० तरी होतो, नाहीतर थेट २.

अल्ब्युमिन कमी म्हणून आईला जेवणावरून बोलू नका. शरीरात दाह (आतली सूज) असला की यकृत सीआरपी बनवायला लागतं आणि अल्ब्युमिन कमी करतं. डाळ, अंडी, पनीर द्याच, पण चार दिवसांत आकडा हलणार नाही, कारण अल्ब्युमिन निम्मं व्हायलाच जवळपास तीन आठवडे लागतात. सीआरपी मात्र इन्फेक्शन गेलं की दोन-तीन दिवसांत झरझर उतरतं. न उतरलं तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा.

तपासणी दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. वहीत दर रविवारचं वजन, स्टेरॉइडची तारीख आणि आई जागेपणी किती तास अंथरुणात असते ते लिहा. टाटाच्या खारघर केंद्रात दाखवत असाल किंवा ठाण्यात, ती वही रिपोर्टाआधी डॉक्टरांपुढे ठेवा. आईचं हिंडणं-फिरणं किती उरलंय याला ते या सगळ्या आकड्यांइतकंच वजन देतात.