सनद सरदारांची, हक्क कोणाचा?

प्रश्न : इंग्लंडमधील १२१५ ची मॅग्ना कार्टा ही सनद म्हणजे राजा आणि सरदार यांच्यातील तडजोड होती, रयतेशी तिचा फारसा संबंध नव्हता, असे वाचनात आले. मग व्यक्तिस्वातंत्र्याचा आणि घटनात्मक राज्यकारभाराचा पाया तिच्यात का शोधतात?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपली शंका रास्त आहे. जॉन राजाने रनिमीड येथे ती सनद मान्य केली ती बंडखोर सरदारांच्या दडपणाखाली. तिच्या ३९व्या कलमातील संरक्षण ‘स्वतंत्र’ माणसापुरते होते आणि जमिनीशी जखडलेली कुळे त्याबाहेर राहिली. पोपने तर त्याच वर्षी ती रद्दबातल ठरवली. मात्र पुढे ती पुन्हा जारी होत गेली आणि कायदेशीर निवाड्याशिवाय कोणाला कैद करू नये, हे तत्त्व शिल्लक राहिले.

तत्त्वाची खरी परीक्षा १६२७ मध्ये झाली. पहिल्या चार्ल्स राजाला सक्तीचे कर्ज देण्यास नकार देऊन कैदेत पडलेल्या पाच सरदारांनी हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कैद्याला न्यायालयापुढे आणून कैदेचे कारण दाखवावे असा (बंदी प्रत्यक्षीकरणाचा), अर्ज केला, तेव्हा अटकेचे कारण म्हणून ‘राजाचा खास हुकूम’ एवढेच न्यायालयास कळवण्यात आले आणि न्यायाधीशांनी त्यांना जामीन नाकारला. पुढच्याच वर्षी कायदेपंडित एडवर्ड कोक प्रभृतींनी पार्लमेंटच्या हक्कांच्या अर्जाद्वारे ही वाट अडवली. पण माझ्या मते निर्णायक ठरला तो १६७९ चा हेबियस कॉर्पस कायदा. कैदी वीस मैलांच्या आत असल्यास तीन दिवसांत हजर करावा, कसूर करणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्यास पहिल्या वेळी शंभर पौंड दंड व्हावा आणि कैद्याला समुद्रापार धाडू नये, अशा रोखठोक तरतुदी त्यात होत्या. हक्काला मुदत आणि दंड जोडला गेला की अंमलदाराला तो टोलवता येत नाही.

अमेरिकेतील इंग्रज वसाहतवाल्यांना इंग्रज प्रजेचे हक्क १६०६ च्या व्हर्जिनियाच्या सनदेनेच मिळाले होते. तेथे १६१९ मध्ये प्रतिनिधी सभा भरली आणि त्याच वर्षी गुलाम केलेले आफ्रिकी लोकही आणले गेले. मॅसॅच्युसेट्सची १६४१ ची हक्कसंहिता कायद्याच्या संरक्षणाने सुरू होते आणि पुढे युद्धकैद्यांच्या गुलामगिरीस मुभा देते.

कागदावरचा हक्क प्रत्येकाला मिळतोच असे नाही, हे साताऱ्याला वेगळे सांगायला नको. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये कंपनी सरकारने कोणत्याही न्यायालयात खटला न चालवता पदच्युत करून काशीला पाठवले. रंगो बापूजी गुप्ते त्यांची बाजू मांडण्यासाठी लंडनमध्ये वर्षानुवर्षे खेटे घालत राहिले, पण निर्णय फिरला नाही.

आपल्या राज्यघटनेने बंदी प्रत्यक्षीकरणाचा उपाय ३२व्या अनुच्छेदात मूलभूत हक्क म्हणून दिला, तर २२व्या अनुच्छेदाने अटकेतील व्यक्तीला, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे बंधनकारक केले. मात्र प्रतिबंधक स्थानबद्धतेला, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच खबरदारी म्हणून केलेल्या कैदेला, या चोवीस तासांच्या अटीतून त्याच अनुच्छेदाने वगळले आहे.