समुद्र अडवला, तळं झालं: नेदरलँड्सच्या पाण्याविषयी प्रश्नोत्तरे

मुलाकडे ॲमस्टरडॅमला गेलो होतो, तेव्हा आयसलमेर तळं पाहिलं. पलीकडचा काठ दिसत नाही. तिथे खरंच पूर्वी समुद्र होता?

होता. झायडर झी नावाचा उथळ उपसागर. कॉर्नेलिस लेली या अभियंत्याने तो बंद करण्याचा आराखडा 1891 मध्येच मांडला होता, पण सरकार हललं ते जानेवारी 1916 च्या महापुरानंतर. 1918 मध्ये कायदा झाला आणि 28 मे 1932 ला 32 किलोमीटरच्या बांधाची शेवटची फट बुजली. आयसल नदी आत गोडं पाणी ओततच होती, त्यामुळे थोड्याच वर्षांत खारेपणा गेला.

मला यातला हिशेबाचा भाग फार मोलाचा वाटतो. उपसागर बंद केला, तर बाहेरच्या किनाऱ्यावर भरती किती चढेल? संगणक नव्हते. नोबेलविजेते हेंड्रिक लोरेंट्झ यांच्या समितीने आठ वर्षं हाताने आकडेमोड केली. बांध झाल्यावर प्रत्यक्षातली भरती त्या अंदाजाच्या बरीच जवळ निघाली.

आमच्या गोव्यात खाजणाला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीला, मानस असते, म्हणजे बांधातला पाण्याचा दरवाजा. तिथेही तसंच काही असतं का?

तत्त्व तेच. ओहोटीला समुद्राची पातळी तळ्याच्या खाली गेली की दरवाजे उघडायचे, नदीचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीपूर्वी बंद करायचे. मानशीची फळी पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते, इथे यंत्रं लागतात. असे 25 दरवाजे आहेत. समुद्र चढतोय तशी ही ओहोटीची वेळ आखडते आहे, म्हणून पंपांची जोड द्यावी लागते.

हे पाणी पितात का?

हो. अँडाइक गावाजवळ उचलून, शुद्ध करून नळाला देतात. उन्हाळ्यात शेतीलाही हेच पाणी.

पूर थांबला, गोडं पाणी मिळालं. मग तक्रार कसली?

आधी हे सांगतो की बांधणाऱ्यांना मी दोष देणार नाही. 1 फेब्रुवारी 1953 च्या रात्री नैर्ऋत्येचे बांध फुटले आणि देशात 1836 माणसं गेली. त्यानंतर खाड्यांची मुखं बंद करायचं ठरलं.

पण खाडी भरती-ओहोटीवर जगते. ग्रेव्हेलिंगेन खाडी 1971 मध्ये दोन्ही बाजूंनी बंद झाली. दिवसातून दोनदा उघडी पडणारी आणि बुडणारी पुळण आता एकतर कायम कोरडी, नाहीतर कायम पाण्याखाली. त्या पट्ट्यातले शिंपले मेले. खारेपणा उतरू लागला, तेव्हा 1978 मध्ये बांधातून समुद्राचं पाणी पुन्हा आत घ्यावं लागलं. आजही उन्हाळ्यात वरचं ऊन पाणी खालच्यात मिसळत नाही. तळाशी प्राणवायू संपतो आणि चिखलावर जिवाणूंची पांढरी साय धरते. त्या सायीखाली काहीच हलत नाही.

शेजारच्या फोल्करक-झोममेर तळ्याची गत वेगळी. 1987 मध्ये ते गोडं केलं. नद्यांबरोबर खतांचा अंश आला आणि निळं-हिरवं शेवाळ माजलं.

मग पुन्हा उघडत का नाहीत?

उघडताहेत, बेताबेताने. फेरसे मेर तळ्याला 2004 मध्ये शेजारच्या खाडीशी जोडणारा मार्ग दिला आणि पाणी सुधारलं. ओस्टरस्खेल्डे खाडीवर तर मच्छीमार आणि निसर्गप्रेमींनी जोर लावल्यामुळे पक्क्या बांधाऐवजी 62 झडपांची भिंत उभी राहिली. ती 1986 पासून एरवी उघडी असते आणि वादळातच मिटते. तिथले कालवं-शिंपले टिकले, ही त्या लोकांची कमाई. भरतीचा जोर मात्र कमी झाल्याने तिथल्याही पुळणी झिजताहेत.

हारिंगफ्लीट खाडीच्या मुखावरच्या बांधाचे दरवाजे 2018 च्या अखेरीपासून भरतीच्या वेळीही किंचित उघडे ठेवतात, म्हणजे सामन मासे ऱ्हाइनमध्ये चढू शकतील. नदीला पाणी कमी असलं की मात्र ते लावून घ्यावे लागतात, कारण खारं पाणी फार आत गेलं, तर आसपासच्या शेतांचं आणि नळाचं पाणी बिघडतं.