साडेतीन वर्षांच्या मुलीला कॉम्प्युटर गेममधून गणित शिकवता येईल का?

येईल. पण गेममध्ये लेव्हल सात झाली म्हणजे मूल मोजायला शिकलं, असं समजू नका. मिस्टर टॅबलेट घेऊ म्हणताहेत असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही. मुलुंडला माझं पाळणाघर आहे. त्याआधी माँटेसरीचा कोर्स करून बालवर्गावर शिकवत होते.

माझ्याकडे चार वर्षांचा एक मुलगा यायचा, त्याला ओम म्हणू. जूनमध्ये त्याच्या बाबांनी टॅब आणून दिला. "मावशी, जेवण झालं की ह्याला हा मॅथ्सचा गेम द्या. हंड्रेडपर्यंत येतं त्याला." मी शेजारी बसून बघितलं. टॅब म्हणणार 'फाइव्ह', मुलाने सफरचंदं उचलून टोपलीत टाकायची. पाच पडली की घंटा वाजते, चांदण्या उडतात आणि सहावं सफरचंद टोपली घेतच नाही. ओम घंटा वाजेपर्यंत टाकत राहायचा. तीन सांगा नाहीतर नऊ, त्याचं कधी चुकायचंच नाही! कुठे थांबायचं हे टोपली ठरवत होती. अहो, मोजणीत खरं काम तर तेच असतं.

टॅब बाजूला ठेवून मी चिंचोके काढले. "ओम, मला चार दे." त्याने मूठभर दिले. मोज म्हटलं तर एकेकावर बोट ठेवत वन, टू, थ्री करत सेव्हनपर्यंत नीट गेला. "मग किती आहेत?" पुन्हा वनपासून सुरुवात. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच एकूण, हे त्याला अजून उमगलं नव्हतं. त्या वयात बऱ्याच मुलांचं असं होतं, त्यात काळजीचं काही नाही. पण गेमने ती पायरी परस्पर ओलांडून त्याला पुढे पाठवलं होतं. बाबांना हे करून दाखवलं, तर म्हणाले, "मावशी, तुमची पद्धत जुनी झाली."

मग मी रोज जेवायच्या वाट्या त्याच्याकडून मांडून घ्यायला लागले. आज पाच जण आहेत, पाच वाट्या आण. जास्त आणल्या की उरायच्या, त्या त्यानेच परत नेऊन ठेवायच्या. दिवाळीच्या सुमाराला तो पाचव्या वाटीशी आपणहून थांबायला लागला. बाबा म्हणाले, "बघा, ॲपचा फायदा!" सुट्टीनंतर त्यांनी त्याला स्मार्ट बोर्डवाल्या प्रीस्कूलमध्ये घातलं. मला त्याचा अजून राग आहे.

खेळातून गणित येतं, ह्यात मला शंका नाही. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर ह्या अमेरिकेतल्या संशोधकांचा 2008 चा अभ्यास आहे. 1 ते 10 आकड्यांचे चौकोन एका ओळीत, असा साधा सोंगटीचा खेळ त्यांनी गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना दिला. 15-20 मिनिटांची चारच सत्रं, तीही मोठ्या माणसाबरोबर, घरांवरचे आकडे मोठ्याने म्हणत. तेवढ्यानेही मुलांची आकड्यांची समज वाढली. नुसत्या रंगांच्या पटावर खेळलेल्या मुलांत तो फरक दिसला नाही.

म्हणून गेम घेताना मी एवढंच बघते, की 'झालं' हे मूल ठरवतं की मशीन. जीकॉम्प्री (GCompris) हा लहान मुलांच्या कॉम्प्युटर खेळांचा संच फुकट आहे, जाहिराती नाहीत, साधारण 2 ते 10 वयासाठी आहे. त्यात वस्तू सरकवून आधी मांडायच्या, मोजायच्या आणि आकडा आपण द्यायचा, असा एक खेळ आहे. तो चांगला आहे. बाकी चकचकीत ॲपांची नावं मला विचारू नका.

जागतिक आरोग्य संघटना 2019 पासून सांगतेय की ह्या वयात बसून स्क्रीन बघणं दिवसाला तासाच्या वर नको, कमी असेल तितकं बरं. तुम्ही दोघंही लोकलचे धक्के खाऊन आठला घरी येत असाल, तर रोज शेजारी बसणं कठीण आहे, कळतं मला. दहा मिनिटं बसा. पण त्या दहा मिनिटांत "किती झाले?" विचारायला माणूस हवं.

आणि टॅबलेट घ्यायच्या आधी चिंचोके तिच्यापुढे ठेवून "चार दे" म्हणा. तुम्ही नका म्हणू, मिस्टरांनाच म्हणू दे. तिने मूठभर दिले तर खरेदी लांबवा आणि ताटं-वाट्या तिच्याकडून मांडून घ्या. मोजून चार दिले तर टॅबलेट खुशाल घ्या, पण तिला हे आधीपासून येत होतं, एवढं त्यांनी लक्षात ठेवावं.