सतारीच्या आवाजाचं पेडल: घ्या, पण हप्त्यांवर नको

नमस्कार,

तुमच्या पत्रातली स्थिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नोकरी सांभाळून बँडमध्ये गिटार वाजवता. सतार, ऑर्गन आणि मेलोट्रॉन (टेपवर मुद्रित केलेले सूर वाजवणारं जुनं कीबोर्ड वाद्य) यांचे आवाज गिटारमधून काढणारी तीन पेडल्स, म्हणजे पायानं चालू-बंद करायची छोटी यंत्रं, तुम्हाला एकदम घ्यायची आहेत. तिन्हींची मिळून किंमत तुमच्या हातात पडणाऱ्या पगाराच्या 90 टक्के आहे. महिन्याला पगारातले 20 टक्के शिल्लक राहतात आणि अडीअडचणीसाठी दोन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला आहे. विक्रेता सहा बिनव्याजी हप्ते द्यायला तयार आहे. सध्याचा मल्टी-इफेक्ट प्रोसेसर (गिटारचा आवाज बदलणारे अनेक परिणाम एकत्र देणारं यंत्र) विकून सुरुवातीचे पैसे उभे करावेत, असं तुमच्या मनात आहे.

माझं मत असं: सतारीचं पेडल घ्या, पण रोखीनं आणि शक्यतो वापरलेलं. बाकीची दोन आत्ता नकोत. आणि प्रोसेसर मुळीच विकू नका.

प्रोसेसरचं आधी सांगतो, कारण तिथे पैसे लगेच वाचतात. वापरलेल्या डिजिटल यंत्राला विकताना फारसा भाव मिळत नाही, पण तुमच्यासाठी ते आजही पूर्ण काम करतं. शिवाय बऱ्याच मल्टी-इफेक्टमध्ये सतारीचा एक सिम्युलेटर, म्हणजे तिच्या आवाजाची नक्कल करणारा परिणाम, आधीपासून असतो. मॅन्युअल उघडून तो शोधा आणि पुढच्या काही तालमींत मनापासून वापरा. तेवढ्यानं भागलं तर प्रश्नच मिटला. नाही भागलं, तर नेमकं काय कमी पडतं ते तुम्हाला कळेल, आणि पैसे त्याच गोष्टीसाठी जातील.

बहुतेक वेळा कमी पडतात त्या तरफा. सतारीत रुंद घोडीवरून (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवरून) जाणारी तार कंप पावताना घोडीच्या पृष्ठभागाला हलकेच स्पर्श करत राहते. त्यातून जवारीचा झणत्कार उठतो. खाली साधारण 11 ते 13 तरफेच्या तारा वरच्या सुराला साद देत घुमतात. साधे सिम्युलेटर झणत्कार बऱ्यापैकी देतात, पण ते घुमणं त्यांच्याकडे नसतं. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीच्या रॅविश सितारसारख्या खास पेडलमध्ये मुख्य तारेचा आणि तरफांचा आवाज वेगवेगळा कमीजास्त करता येतो, तरफा कोणत्या पट्टीत लावायच्या तेही ठरवता येतं. जास्तीचे पैसे मोजायचे ते याच गुणासाठी. मींड मात्र कुठलंच पेडल देत नाही. सतारिया एका पडद्यावर तार खेचून चार-पाच स्वर चढतो, गिटारवर तार खेचून बहुतेकांचा एक-दीड स्वर चढतो. तो भाग बोटांनी किंवा स्लाइडनं कमवावा लागेल. तिथे पैशांचा उपयोग नाही, रियाजाचा आहे.

शेवटी तुम्ही विचारलंय की त्यापेक्षा इलेक्ट्रिक सतारच घेतली तर? अमेरिकन गिटारवादक विनी बेल यांच्या कल्पनेतून 1967 मध्ये बाजारात आलेल्या कोरल या इलेक्ट्रिक सतारीवर 13 तरफा आणि झणत्कारासाठी खास घोडी होती. आजही तशी वाद्यं मिळतात. पण ते दुसरं वाद्य झालं. कार्यक्रमात मध्येच गिटार बदलणं, त्या सगळ्या तारा लावणं, नेण्या-आणण्याची पेटी हे सगळं त्याच्या मागे येतं. दोन-चार गाण्यांसाठी ते परवडत नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. रेकॉर्डिंगसाठी पेडलची गरज नाही, संगणकावरचे सतारीचे सॅम्पल, म्हणजे आधीच मुद्रित केलेले सूर, तिथे कमी खर्चात काम करतात. पेडलची खरी गरज मंचावर. म्हणून बँडच्या सध्याच्या यादीत सतारीचा आवाज असलेली किती गाणी आहेत ते मोजा. 'पुढे बसवू' अशी गाणी त्यात धरू नका. ऑर्गन आणि मेलोट्रॉनला मी आत्ता नाही म्हणतोय तेही यामुळेच. तुमच्याच पत्रानुसार बँडमध्ये कीबोर्ड वाजवणारा आहे, आणि ते आवाज त्याच्याकडे आहेत.

किमतीच्या चिठ्ठीवर न दिसणारा खर्चही आहे. ही पेडल्स बॅटरीवर चालणारी नव्हेत. साधं ॲनालॉग ओव्हरड्राइव्ह (गिटारचा आवाज थोडा फाटका करणारं पेडल) जेमतेम काही मिलिॲम्पिअर घेतं, तर आवाज घडवणाऱ्या डिजिटल पेडलला 100 किंवा त्याहून जास्त लागू शकतात. एकाच स्वस्त ॲडॉप्टरवर सगळी जोडली की घरघर सुरू होते. मग प्रत्येक पेडलला स्वतंत्र पुरवठा देणारा पॉवर सप्लाय, पेडल्स बसवायला मोठा बोर्ड, जोडण्याच्या वायरी. तीन पेडल्स घेतलीत तर हे सगळं एकदम अंगावर येईल.

आता हप्ते. बिनव्याजी म्हणतात, पण रोखीनं घेणाऱ्याला सूट मिळते का ते विचारा. समजा रोखीवर 5 टक्के सूट आहे आणि हप्त्यांवर 2 टक्के प्रक्रिया शुल्क. मग 100 च्या छापील किमतीमागे तुम्ही प्रत्यक्षात 93 उसने घेता आणि सहा महिन्यांत 100 फेडता. हे वर्षाला सुमारे 25 टक्के व्याजाचं कर्ज झालं. त्यात एखादा हप्ता चुकून कार्डाच्या थकबाकीत गेला आणि तिथे महिना 3 टक्के दर असेल, तर चक्रवाढीनं तो वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातो. तुमचा हप्ता पगाराच्या 15 टक्के येईल, म्हणजे महिन्याच्या शिलकीतला तीन चतुर्थांश भाग सहा महिने अडकून पडेल. त्या काळात नोकरीत काही झालं तर हाताशी फक्त दोन महिन्यांचा खर्च. मला याचीच खरी काळजी वाटते.

त्याऐवजी शिलकीतले 15 टक्के अडीअडचणीच्या निधीत जाऊ द्या, 5 टक्के पेडलसाठी वेगळ्या खात्यात. वापरलेलं सतारीचं पेडल तुमच्या पगाराच्या 30 टक्क्यांच्या आसपास मिळतं असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे तेही सहाच महिन्यांत हाती येतं, आणि तोवर निधीत आणखी एका महिन्याच्या खर्चाहून थोडी जास्तच भर पडलेली असते, कारण तुमचा खर्च पगाराच्या 80 टक्के आहे. कार्यक्रमांचं मानधन पूर्णपणे पेडलच्या खात्यात टाका, त्यावर घरखर्च चालत नाहीये. एखादा हंगाम चांगला गेला तर सहा महिनेही लागणार नाहीत.

वापरलेलं घेताना स्वतःची गिटार घेऊन जा. सावकाश एकेक सूर, मग जलद तान, मग तार खेचून बघा. सूर पकडण्यात पेडल चुकत असेल तर लगेच ऐकू येतं. फूटस्विच बऱ्याचदा दाबून पाहा, नॉब फिरवताना खरखर येते का ऐका, आवाजाची मांडणी पेडलमध्ये साठवून बंद-चालू केल्यावर ती टिकते का तपासा. मूळ ॲडॉप्टर सोबत नसेल तर त्याची किंमत सौद्यातून वजा करून मागा.