‘मग बघू’वर लेकीला ठेवू नका

“मावशी, आम्ही इंदूरचेच, चार पिढ्यांपासूनचे. लेक बारावीला आहे, सीबीएसई, कॉमर्स आणि सोबत गणित. तिला दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचंय. अकरावीपासून तिचं एकच चाललंय. पण यांनी मला सांगून ठेवलंय की तिला इंदूरबाहेर पाठवायचं नाही. ‘आत्ता तिला काही बोलू नकोस, अभ्यासातून मन उडेल. परीक्षा होऊ दे, मग बघू.’ मोठा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याच्यासाठी कर्ज काढलंय. लेकीचे सगळे फॉर्म मीच भरते. नंबर माझा, पासवर्ड माझ्या डायरीत. विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक परीक्षेचा, सीयूईटीचा फॉर्म अर्धा भरून ठेवलाय आणि पुढे हात जात नाही. परवा तिनं विचारलं, ‘आई, बाबा पाठवतील ना?’ मी म्हटलं, ‘तू अभ्यास कर गं.’ तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. काय करू? – एक आई, सुदामानगर”

ताई, लेकीला शंका आलेली आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला आईच्या आवाजातून कळतं. तिनं सरळ विचारलं, तुम्ही विषय बदललात, आणि ती गप्प झाली. तेव्हा तिला न सांगून तिचं मन अभ्यासात राहील, हा तुमच्या यजमानांचा हिशेब आत्ताच चुकलेला आहे. ती अभ्यास करतेय, पण ज्यासाठी करतेय ते मिळणार की नाही याची धास्ती घेऊन. तुम्ही तिला बोर्डाच्या आधी सांगा. कोणत्या शब्दांत सांगायचं ते पुढे लिहिते, आधी हे ‘मग’ नेमकं कधी येतं ते बघा. मला वाटतं तुमच्या यजमानांनी ते कॅलेंडर डोळ्यांसमोर धरलेलं नाही.

सीयूईटी बोर्डानंतर, मे महिन्याच्या सुमारास सुरू होते. तिचा निकाल लागून दिल्ली विद्यापीठाच्या प्रवेशफेऱ्या येईपर्यंत जुलै उजाडतो. तिथे कॉलेज आणि कोर्स यांच्या जोड्या पसंतीक्रमानं भरायच्या असतात, आणि फेरीत एक सीट मिळते. ती स्वीकारायला मोजके दिवस मिळतात. स्वीकारली नाही, तर मुलगी पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे तुमच्या घरात ‘मग बघू’ची वेळ येईल तेव्हा पोरीच्या हातात सीट असेल, घड्याळ चालू असेल, आणि त्या दोन-तीन दिवसांत बाबा पहिल्यांदा नाही म्हणतील. इकडे मध्य प्रदेशाच्या ई-प्रवेशच्या, म्हणजे राज्यातल्या कॉलेजांच्या ऑनलाइन प्रवेशाच्या, सुरुवातीच्या फेऱ्या तोवर होऊन गेलेल्या असतील. ओल्ड जीडीसी, म्हणजे मोती तबेल्याचं माता जिजाबाई कन्या महाविद्यालय, किंवा अटलबिहारी वाजपेयी आर्ट्स-कॉमर्स कॉलेज, इथल्या चांगल्या सीट आधीच भरतात. दिल्ली हातची जाईल आणि इंदूरचंही उरलंसुरलं घ्यावं लागेल. हे सगळं आत्ता बोलून टाळता येतं. म्हणून मी एवढी आग्रहानं लिहितेय.

आता यजमानांशी बोलायचं. लेकीसमोर नाही, आधी दोघांत. ‘का नको’ असं विचारलंत तर ‘दिल्लीत मुलगी एकटी नको’ एवढंच उत्तर येईल, आणि संवाद तिथंच थांबेल. तुम्ही कागद घेऊन बसा. मुलाचं कर्ज किती झालंय, त्याचा हप्ता कधी सुरू होणार, घरात महिन्याला किती उरतं. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे कोर्स संपून वर्षभरानं सुरू होतो. मुलगा तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे लेक कॉलेजात असतानाच तो हप्ता घरात येणार. मला तुमच्या पत्रावरून असं वाटतं की त्यांच्या मनात हा आकडा आहे आणि तो बायको-मुलांसमोर मांडायला त्यांना जड जातंय. कमावत्या माणसाला ‘पैसे पुरणार नाहीत’ म्हणण्यापेक्षा ‘जमाना चांगला नाही’ म्हणणं सोपं जातं. असं असेल तर त्यांना एकट्यानं हे ओझं वाहू देऊ नका.

पण समजा प्रश्न पैशांचा नाहीच. मुलगा पुण्याला गेला आणि मुलीनं घरी राहावं, एवढंच कारण असेल. मग ते तुम्ही तोंडानं उच्चारा: “त्याला पाठवलं तेव्हा आपण हा विचार केला नव्हता.” आवाज न चढवता, पण गिळून न टाकता. इंदूरच्या आपल्या मराठी घरांत मुलींना शिकवण्याची हौस पिढ्यानपिढ्या आहे, त्याबद्दल मला खरंच अभिमान वाटतो. पण शिकवायचं ते डोळ्यांसमोर, ही अटही तितकीच जुनी आहे. आणि ती अट मुलीला शेवटच्या दिवशी कळते. मुलींच्या मनात पुढे बापाबद्दल जी अढी बसते ती बहुतेक वेळा नकारामुळे नसते, नकार लपवल्यामुळे असते.

खर्चाचं थोडं सांगते, कारण त्याबाबत घरोघरी अंदाजावर बोलणं चालतं. दिल्ली विद्यापीठाच्या कॉलेजांची फी कॉलेजागणिक वेगळी आहे, पण खासगी विद्यापीठांच्या मानानं ती खूपच कमी असते. खर्च आहे तो राहण्या-जेवण्याचा. सगळ्या कॉलेजांना वसतिगृह नाही, आणि जिथे आहे तिथे जागा थोड्या, म्हणून पुष्कळ मुली पीजीत, म्हणजे पेइंग गेस्ट म्हणून, राहतात. तुमच्या ओळखीतली, नात्यातली एखादी मुलगी तिथं शिकत असेल तर तिच्याकडून पीजीचं भाडं, डिपॉझिट, डबा असं महिन्याचं सगळं विचारून घ्या आणि तोच आकडा कागदावर लिहा. प्रवास म्हणाल तर इंदूरहून एका रात्रीचा आहे.

कर्जाचंही एक माहीत असू द्या. केंद्र सरकारची पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झाली. यादीतल्या नामांकित संस्थांत प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदार न मागता कर्ज मिळतं. घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सवलतही आहे. मात्र घरात एक कर्ज असताना दुसरं घ्यायचं की नाही, हा निर्णय तुम्हा दोघांचा. मी तो घ्या म्हणणार नाही.

आणि यजमान ‘इथे आयआयएम आहे की’ असं म्हणाले, तर त्यांना शांतपणे सांगा की आयआयएम इंदूरचा बारावीनंतरचा पाच वर्षांचा व्यवस्थापनाचा कोर्स, आयपीएम, वेगळ्या प्रवेशपरीक्षेवर चालतो, देशभरातली मुलं त्यासाठी बसतात, आणि त्याची फी वर्षाला लाखांत आहे. गावात आहे म्हणून तो स्वस्त किंवा सोपा होत नाही. लेकीला हवा असेल तर तिनं त्याची परीक्षा जरूर द्यावी, दिल्लीच्या बदल्यात म्हणून नव्हे.

दोघांचं एक उत्तर ठरलं की लेकीला घेऊन बसा. प्री-बोर्डच्या आदल्या रात्री नको, रविवारची दुपार बरी. बाबांनी स्वतः बोलावं, तुम्ही निरोप्या होऊ नका. उत्तर ‘हो’ असेल तर किती खर्चापर्यंत हो, तेही सांगा. उत्तर अटीसह असेल, म्हणजे वसतिगृह मिळालं तर, किंवा अमुकच कॉलेजं मिळाली तर, तर त्या अटी तिच्या वहीत लिहून द्या आणि नंतर त्यात भर घालू नका. उत्तर ‘नाही’ असेल तर कारणासह नाही. पैशांचं कारण असेल तर आकडा दाखवा. मुलं आकडा समजून घेतात, आपणच त्यांना लहान समजतो.

ती रडेल. चिडेल, दार लावून घेईल, भावाचं नाव काढेल. काढू द्या, ते खरंच आहे. लगेच ‘इंदूरमध्ये काय कमी आहे’ सुरू करू नका. आठवडाभरानं, ती स्वतः विचारेल तेव्हा सांगा. तेव्हा सांगण्यासारखं पुष्कळ आहे. आपल्या देवी अहिल्या विद्यापीठाच्या बऱ्याच विभागांतले प्रवेश सीयूईटीच्या गुणांवरच होतात, म्हणजे तिची तयारी फुकट जात नाही. विद्यापीठाचा स्वतंत्र अर्थशास्त्र विभाग आहे, तिला एकदा खंडवा रोडच्या तक्षशिला परिसरात नेऊन तो दाखवून आणा. राज्याची मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना आहे: सीबीएसईत 85 टक्के, राज्य मंडळात 70 टक्के मिळवणाऱ्या मुलांची फी सरकार भरतं. उत्पन्नाची अट आहे, ती त्या वर्षीच्या सूचनेत बघून घ्या. आणि पदवी इथं झाली तर एम. ए.ला दिल्ली पुन्हा समोर येतेच. हे मात्र वचन म्हणून द्यायचं असेल तरच बोला, समजूत घालायला नको.

फॉर्मचं. ताई, तुम्ही कष्टानं भरताय हे दिसतंय, पण फॉर्म तिचा आहे. लॅपटॉप तिच्या पुढ्यात ठेवा, तुम्ही शेजारी बसा. मोबाइल नंबर आणि ईमेल हे फॉर्म पूर्ण करण्याआधीच विचार करून टाका, कारण दुरुस्तीची मुदत मिळते तेव्हाही हे दोन सहसा बदलता येत नाहीत. पुढे प्रत्येक ओटीपी त्याच नंबरावर येणार, आणि जुलैत ती कॉलेज निवडत असताना तुम्ही बँकेत किंवा बाजारात असाल तर पंचाईत. ईमेल तिचाच द्या, पासवर्ड तिला माहीत असू द्या.

नाव दहावीच्या गुणपत्रिकेत आहे तसंच, अक्षर न् अक्षर. आपल्या लोकांत ही गफलत फार होते: आधारवर वडिलांचं नाव मध्ये घातलेलं, आणि शाळेत इथल्या पद्धतीनं नुसतं नाव-आडनाव. फरक असेल तर आत्ताच आधार केंद्रात जा. ईडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटात, बसत असाल तर तो दाखला चालू आर्थिक वर्षाचा लागतो, म्हणून एप्रिल लागताच लोकसेवा केंद्रात अर्ज टाकायचा. मूळनिवासी दाखला आणि समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-सदस्य क्रमांक) राज्यातल्या प्रवेशांना, योजनांना लागतील. ही धावपळ तुमची. पोरीला बोर्डाच्या दिवसांत रांगेत उभं करू नका.

विषय निवडताना तिला एकच गोष्ट ठासून सांगा: दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्सला सीयूईटीत गणित दिलेलंच असावं लागतं, शिवाय एक भाषा आणि आणखी दोन विषय. जास्तीत जास्त पाच विषय देता येतात. गणित अवघड जातं म्हणून ऐनवेळी ते वगळून तिसरंच काही घेतलं, की कितीही गुण मिळोत, तो कोर्स मिळत नाही. दुसरं, सीयूईटी घेणारी संस्था एनटीए फक्त परीक्षा घेते, सीट देत नाही. निकालानंतर दिल्लीसाठी वेगळी नोंदणी, अहिल्या विद्यापीठासाठी वेगळी. सीयूईटीच्या फॉर्ममध्ये विद्यापीठाचं नाव टाकलं म्हणजे झालं असं समजून पुष्कळ जण मुदत घालवतात.

अभ्यासाबद्दल मला फार काही सांगायचं नाही, ती करतेय. भंवरकुआँला, त्या कोचिंगच्या भागात, आता नवीन क्लास लावू नका. सीयूईटीचे विषयांचे पेपर बारावीच्या एनसीईआरटीवरच असतात, त्यामुळे बोर्डाची तयारी हीच निम्मी तयारी. बोर्ड संपल्यावर 60 मिनिटांत 50 प्रश्न सोडवायचा संगणकावरचा सराव रोज करावा. बरोबर उत्तराला 5 गुण, चुकलं तर 1 वजा. दिल्लीला सीट सीयूईटीच्या गुणांवर मिळते, बोर्डाच्या टक्क्यांवर नाही. पण मेधावी योजनेला आणि ई-प्रवेशला टक्केच बघतात, म्हणून बोर्ड सोडून देऊ नये.

शेवटची अडचण तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण ती येईल असं मला वाटतं. यजमान कागद घेऊन बसायलाच तयार झाले नाहीत तर? दोनदा प्रयत्न करा. हवं तर त्यांच्या थोरल्या बहिणीला, सासूबाईंना, ज्यांचा शब्द ते मानतात त्यांना मध्ये घ्या. तरी ते ‘मग बघू’वरच राहिले, तर त्यांना आधी सांगून, चोरून नव्हे, तुम्ही लेकीला सांगा: “बाबांचं मन अजून होत नाहीये. मी तुझ्या बाजूनं बोलतेय. होईलच असं मी सांगू शकत नाही, म्हणून इंदूरचे फॉर्मही आपण नीट भरूया.” घरात दोन दिवस धुसफूस होईल. होऊ द्या. फॉर्मची मुदत संपायच्या आत हे बोलणं व्हायला हवं, आणि यजमानांनाही तीच तारीख सांगून ठेवा.