मराठी ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरातली बाई : माझी आजी

प्रश्न विचारलाय की मराठी ख्रिश्चन शेतकरी खरंच असतात का, आणि असतील तर त्यांच्या घरातल्या जुन्या बायकांचं आयुष्य कसं होतं, कोणी जवळून पाहिलंय का. पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. हो, असतात, आणि पिढ्यान्पिढ्या आहेत. वसई, उत्तन, गोराई, मनोरी ह्या पट्ट्यात 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगीज होते, मग चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज गेले, पण इथले जे शेतकरी आणि कोळी ख्रिस्ती झाले होते ते कुठे जाणार, त्यांची जमीन इथली, घरं इथली, बोली मराठी, ते इथेच राहिले. आम्ही त्यातलेच, ईस्ट इंडियन म्हणतात आम्हाला.

दुसऱ्या भागासाठी मी माझ्या आजीबद्दल सांगते, बाबांची आई. मी आता ठाण्यात घोडबंदर रोडला राहते पण आमचं मूळ घर भाईंदर पश्चिमेला डोंगरी गावात, स्टेशनवरून उत्तनची बस पकडली की राई, मुर्धा गेल्यावर उत्तनच्या आधी लागतं. आजी 1928 ची. हे साल माहीत आहे ते चर्चच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमुळे, शाळेत ती कधी गेलीच नाही त्यामुळे दाखला वगैरे काही नव्हता, पुढे कागदपत्रं करायची वेळ आली तेव्हा फादरांकडूनच दाखला आणला. 2019 मध्ये गेली, नव्वदी पार करून.

तिला भाविक म्हटलं की लोकांना वाटतं दिवसभर माळ घेऊन बसलेली बाई. तसं अजिबात नव्हतं. बसायला तिला वेळच नव्हता हो. घरात खाणारी तोंडं अकरा-बारा, दोन बैल, एक म्हैस, खाजणातली भातशेती आणि घरामागे विहिरीवरची भाजी. म्हणून तिची प्रार्थना सगळी कामातच व्हायची, आणि मला आठवतं तसं ती कामसुद्धा प्रार्थनेनेच मोजायची कारण घड्याळ तिने कधी वापरलं नाही. घरापासून खाजणातल्या शेतापर्यंत एक रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, तिचे पाचही टप्पे पूर्ण, ह्या टप्प्यांना आम्ही रहस्यं म्हणतो. पेज शिजायला दोन रहस्यं. आम्ही लहान असताना विचारायचो आजी जेवण कधी, तर म्हणायची "तिसरं चाललंय, हात धुवून या", आणि आम्हाला बरोबर कळायचं किती वेळ आहे ते.

शेताचं थोडं सविस्तर सांगते कारण प्रश्नात शेती विचारलीय. खाजण म्हणजे खाऱ्या पाण्याच्या बाजूची जमीन, बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, बांध फुटला तर पीक गेलं. त्यात राता भात लावायचे, लालसर तांदूळ, खारटपणा सोसतो. उन्हाळ्यात राब भाजायचा, पहिल्या पावसाच्या अंदाजाने पेरणी, जुलैत लावणी, तेव्हा सगळ्या बायका इरली डोक्यावर घेऊन ओणव्या, आणि ओळीत एक बाई रोझरी सुरू करायची बाकीच्या पाठून म्हणायच्या. दसऱ्याच्या आसपास ओंब्या पिवळ्या व्हायला लागल्या की आगेरा. हा आमचा नव्या पिकाचा सण, ऑक्टोबरचा पहिला रविवार. शेतातल्या ओंब्या वाजतगाजत चर्चमध्ये न्यायच्या, फादर आशीर्वाद देणार, मग त्यातल्या थोड्या घरी आणून अल्तारजवळ, म्हणजे घरातल्या देवाच्या जागेजवळ, लावायच्या. आजी त्या ओंब्या स्वतः निवडायची, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही, सगळ्यात भरलेल्या चर्चला आणि त्याच्या खालच्या घराला, ह्यात तडजोड नाही.

रविवारी काम करायचं नाही हा चर्चचा नियम. पण लावणीत पाऊस बघून काम करावं लागतं. तिने म्हणे लग्नाच्या पहिल्याच वर्षी जाऊन फादरांना विचारलं होतं काय करू, ते म्हणाले सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवू नकोस मग जा. त्यानंतर तिने ते आयुष्यभर पाळलं, पहिली मिस्सा आणि मग तसंच चिखलात. कोणी टोकलं तर म्हणायची "चिखल काय रविवार बघून वाळत नाय".

उन्हाळ्यात भाजी. वांगी, भेंडी, दुधी, मिरची. पहाटे पाटी डोक्यावर घेऊन भाईंदर स्टेशन, तिथून गाडीने बोरिवलीच्या बाजारात, आणि दुपारच्या आत परत कारण म्हशीचं दूध काढायचं असायचं. थोडी भाजी उत्तनच्या कोळणींना देऊन त्यांच्याकडून सुके बोंबील घ्यायचे, आगोटीचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायचं, सामान असं व्हायचं, पैसे फार कमी वेळा मध्ये यायचे. एप्रिल-मेमध्ये बाटली मसाला, मिरच्या वाळवून कांडून बिअरच्या बाटल्यांमध्ये घट्ट भरायचा, तो वर्षभर पुरायचा. ईस्टरच्या आधीच्या प्रायश्चित्तकाळात मटण बंद आणि दारू बंद, आजोबांना घेण्याची सवय होती पण ते चाळीस दिवस हात लावायचे नाहीत, आजी घरात असताना कोणाची हिंमत नव्हती.

तिला नऊ मुलं झाली, सहा जगली. तीन लहानपणीच गेली, एक तापाने, दोन जन्मल्यावर लगेच, तेव्हा गावात डॉक्टर नव्हता आणि भाईंदरला न्यायचं म्हणजे बैलगाडी. ह्याबद्दल ती कधी मोठ्याने बोलली नाही. पण 2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळे आजोबांच्या कबरीवर मेणबत्त्या लावत असायचे तेव्हा ती कंपाउंडच्या भिंतीजवळ जाऊन वेगळ्या तीन लावायची. तिथे नावं नाहीत काही नाही, जागा फक्त तिला माहीत होती. आता आम्ही लावतो, अंदाजाने.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी कारण भाविक बायकांबद्दल लिहिताना लोक ही बाजू सोडून देतात. माझी मोठी आत्या सिस्टर, म्हणजे नन, व्हायला निघाली तेव्हा सगळ्या गावाने अभिनंदन केलं, फादर घरी आले, आणि आजी आत जाऊन रडली. आनंदाने नाही. तिला ती मुलगी हवी होती, घरात, शेतात, जवळ. आत्याच सांगते की आईने तिला दोन महिने धड उत्तर दिलं नाही. मग एक दिवस स्वतःच ट्रंकेत तिचे कपडे भरायला बसली. देवाला दिलं ते मनापासून दिलं पण सोपं होतं असं तिने कधी म्हटलं नाही, आणि मला तिची हीच भक्ती सगळ्यात खरी वाटते.

लॅटिनचं पण गंमतीशीर आहे. तिच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, व्हॅटिकनची दुसरी परिषद (कॅथलिक बिशपांची मोठी सभा, 1962 ते 65) झाल्यावर मराठीत आली. काही म्हाताऱ्यांना ते रुचलं नाही, आजीला फार आवडलं, म्हणाली इतकी वर्षं मान डोलावली आता कळतंय कशाला. पण मे महिन्यात गावातल्या क्रुसाजवळ लदीन (संतांची नावं घेत म्हणायची सामूहिक प्रार्थना) म्हणायचे तेव्हा "ओरा प्रो नोबिस", म्हणजे आमच्यासाठी प्रार्थना कर, हे तिचं लॅटिनच, सगळ्यांपेक्षा वरच्या आवाजात, आणि मग आम्हा पोरांना उकडलेले चणे. नंतर 2002 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोझरीत गुरुवारसाठी प्रकाशाची पाच रहस्यं नवीन घातली. आजी तेव्हा चौऱ्याहत्तरची, वाचता येत नाही. मी वाचून दाखवायचे, ती भाजी निवडता निवडता पाठ करायची, आणि आमच्या घरात ती रहस्यं सगळ्यात आधी न बघता तिलाच यायला लागली.

शेवटची काही वर्षं शेती राहिली नव्हती, माणसं मिळेनात, विहिरीचं पाणी खारट झालं, मुलं नोकऱ्यांना लागली. तिला त्याचा त्रास झाला, रोज बांधापर्यंत जायची काठी घेऊन. अंत्ययात्रेला आगरी शेजारणी, उत्तनच्या कोळणी, बोरिवलीच्या बाजारातले दोन म्हातारे गाळेवाले सगळे आले होते, त्यांना कोणी कळवलं ते आम्हाला अजून माहीत नाही.

तुम्हाला हे सगळं वाचण्यापेक्षा बघायचं असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याला या, वसईला जा, गोराईला जा, आमच्याकडे या. भात लावणारे कमी झालेत पण ओंब्या कुठून ना कुठून आणतातच. सकाळी लवकर निघा, मिस्सेच्या आधी मिरवणूक असते तीच बघण्यासारखी. फोटो काढले तर कोणी काही म्हणत नाही, फक्त मिस्सा चालू असताना नको. आणि नऊवारी लुगड्यातली एखादी आजी दिसली तर जाऊन बोला तिच्याशी, मराठीतच बोलेल.